‘प्रिपेअर्ड बाय’च्या पुढे कोणाचे नाव?

प्रश्न : मी 34 वर्षांची असून मिहानमधील एका आयटी कंपनीच्या सुरक्षा कक्षात, ज्याला आमच्याकडे ‘सॉक’ म्हणतात, 7 वर्षांपासून काम करते. गेल्या वर्षी एका रात्रपाळीत 2 वाजून 40 मिनिटांनी एका ग्राहक संस्थेच्या बॅकअप सर्व्हरवर एक सर्व्हिस अकाउंट, म्हणजे माणसाऐवजी सॉफ्टवेअर वापरते ते खाते, भलत्याच वेळी लॉगिन झालेले मला दिसले. ऑन-कॉल वरिष्ठांनी फोन उचलला नाही, म्हणून नियमावलीने दिलेल्या अधिकारात मी ते खाते बंद केले, दोन सर्व्हर नेटवर्कपासून तोडले आणि सव्वाचारला पहिली नोंद लिहून पाठवली. तो रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला होता आणि तो तिथेच थांबला, असे पुढे तपासात निघाले. अंतिम अहवालावर मात्र नाव आमच्या मॅनेजरांचे आहे. वार्षिक समारंभात वर्धा रोडवरच्या हॉटेलात करंडकही त्यांनीच स्वीकारला आणि तो ज्या ट्रेमधून आला, तो ट्रे धरून मंचावर उभे राहण्याचे काम माझ्याकडे होते. टीमला संत्रा बर्फीचा एकेक डबा मिळाला. आता सायबर सुरक्षा व प्रायव्हसी क्षेत्रातील महिलांसाठीच्या एका पुरस्काराकरिता कंपनीकडून एक नाव पाठवायचे आहे, म्हणून एचआरने मला शुक्रवारपर्यंत फॉर्म भरायला सांगितले आहे. ‘महिला कोट्यातून मिळून जाईल’ असे सहकारी हसत म्हणतात. शिवाय आमचे सगळे काम गोपनीय, त्यामुळे फॉर्ममध्ये लिहू तरी काय? भरावा की नाही? (याखेरीज टेस्टिंगच्या डेटाबेसमध्ये खऱ्या लोकांची माहिती वापरली जात होती, ती मी बदलून घेतली, पण ते काही मोठे काम नाही.)
— एक टीम मेंबर, मनीषनगर, नागपूर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

फॉर्म भरा, आणि शुक्रवारची वाट न पाहता भरा. मात्र त्याआधी, जमल्यास उद्याच, आणखी एक काम करा. ते मला या पुरस्काराहून अधिक महत्त्वाचे वाटते, त्यामुळे उत्तराचा बराचसा भाग मी त्यालाच देणार आहे.

तुमच्या त्या अंतिम अहवालाचे पहिले पान उघडा. रीतसर लिहिलेल्या अशा अहवालाच्या आरंभी एक लहानशी चौकट असते आणि तिच्यात आवृत्ती क्रमांक व तारखेबरोबर तीन ओळी असतात : प्रिपेअर्ड बाय, रिव्ह्यूड बाय, अप्रूव्हड बाय. मॅनेजरांचे नाव तिसऱ्या ओळीत असणे योग्यच आहे, कारण मंजुरीची जबाबदारी त्यांची आहे. दुसऱ्या ओळीत असले तरी माझी तक्रार नाही. प्रश्न पहिल्या ओळीचा आहे. तुमच्या पत्रावरून असे दिसते की तिन्ही ओळींत एकच नाव आहे. तसे असेल तर तो तुमच्यावरचा अन्याय तर आहेच, शिवाय तो अहवालातलाही दोष आहे, कारण ज्याने लिहिले त्यानेच तपासले आणि त्यानेच मंजूर केले, असा कागद कोणताही लेखापरीक्षक उचलून धरणार नाही.

या चौकटीला मी इतके महत्त्व का देते, ते सांगते. तुमच्या क्षेत्रात काम उत्तम झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राहक संस्थेचे कर्मचारी नेहमीसारखे येतात, चहा पितात, संगणक सुरू करतात आणि रात्री काही घडले होते याचा त्यांना पत्ताही नसतो. काही घडले नाही हेच जिथे यश, तिथे ते यश कोणाचे हे सांगायला कागदाखेरीज काहीही उरत नाही. त्यातही कोणता कागद किती दिवस टिकतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावा लागतो आणि लॉग, म्हणजे यंत्रणेत आपोआप होणाऱ्या नोंदी, 180 दिवस जपून ठेवावे लागतात. तुमच्या घटनेला वर्ष होत आले, म्हणजे 2.40 ला पडद्यासमोर कोण जागे होते हे सांगणारे लॉग जागा वाचवण्यासाठी आजवर पुसलेही गेले असतील. टिकणार आहे तो अहवाल. आणि 2.40 पासूनचे 6 तास सकाळी 8.40 ला संपत होते, तेव्हा सव्वाचारची तुमची ती नोंद नसती तर उशिरा उठलेल्या वरिष्ठांना कळवायला हाताशी काय असते, याचाही विचार करा. तुम्ही हल्ला थांबवलात, त्याचबरोबर संस्थेला कायद्याची मुदतही पाळता आली ती तुमच्यामुळे. आणि ही दुसरी गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही.

इथे थोडे माझे सांगते. 1990 च्या सुमारास मी एका बँकेच्या सीताबर्डीवरच्या शाखेत होते. लेजरच्या जागी एएलपीएम, म्हणजे खात्यांच्या नोंदी करणारी यंत्रे, नुकतीच आली होती, आणि पासवर्ड ही वस्तू आम्हा सर्वांना इतकी नवी होती की तो चिठ्ठीवर लिहून यंत्राखाली सरकवून ठेवणे कोणालाच वावगे वाटत नसे. नोंद करणारा आणि ती पास करणारा एकच हात असल्याचे दोन-तीन दिवसांच्या छापील यादीवरून माझ्या लक्षात आले. घोटाळा झाला नव्हता. उद्या होऊ शकेल एवढेच दिसत होते. मी दोन पानांची टिप्पणी टाइप करून वर पाठवली. सहा महिन्यांनी एक परिपत्रक आले, त्यात माझी दोन वाक्ये स्वल्पविरामासह जशीच्या तशी होती आणि खाली सही दुसऱ्याच एका गृहस्थांची होती. माझ्याकडे कार्बन प्रत होती. ती मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. पुढे बढतीच्या मुलाखतीत मला विचारले गेले, ‘सुरक्षेच्या दृष्टीने आपण काही विशेष काम केले आहे का?’ आणि मी उत्तर दिले, ‘शाखेतील सर्वांनी मिळून काही सूचना केल्या होत्या.’ परिपत्रकावर सही करणाऱ्या गृहस्थांना मी बरीच वर्षे दोष देत असे, पण मुलाखतीतले ते वाक्य कोणी माझ्या तोंडात घातलेले नव्हते. तुमच्या पत्राखालची ‘एक टीम मेंबर’ ही सही पाहून मला तेच आठवले.

हे आपल्याकडेच चालते असे नाही. एलिझाबेथ फ्रीडमन या अमेरिकेच्या तटरक्षक दलासाठी संकेतलिपी उकलणाऱ्या तज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण अमेरिकेतल्या जर्मन हेरांचे संदेश त्यांनी आणि त्यांच्या तुकडीने फोडले. जाहीर श्रेय मात्र एफबीआय आणि तिचे प्रमुख एडगर हूवर यांच्याकडे गेले. फ्रीडमन यांनी गोपनीयतेची शपथ पाळली आणि त्या 1980 मध्ये वारल्या. त्यांच्या युद्धकाळातल्या कामाचे खरे मोल लोकांना कळले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, जुने कागद खुले झाल्यावर. लक्षात घेण्याजोगे हे की गोपनीयता हूवर यांच्या संस्थेलाही लागू होतीच. ती एकीला गप्प बसवते आणि दुसऱ्याला बोलू देते, असे जिथे घडते तिथे अडचण गोपनीयतेची नसते. तुमच्या मॅनेजरांनी करंडक स्वीकारताना त्या रात्रीविषयी मंचावरून चार वाक्ये सांगितलीच असतील. तेवढी सांगायला जर हरकत नव्हती, तर तेवढीच तुम्ही फॉर्मवर लिहायलाही नसावी.

आता मागणी कशी करायची ते. आधी मॅनेजरांना प्रत्यक्ष भेटा, कारण मेलने सुरुवात झालेले बोलणे आपल्याकडे लगेच तक्रार समजले जाते. भेट झाली की त्याच दिवशी मेल टाका, आणि त्यात तीन वाक्यांच्या वर जाऊ नका : ‘आपल्याशी बोलणे झाल्याप्रमाणे, त्या रात्रीची पहिली नोंद, खाते बंद करणे व सर्व्हर वेगळे करणे हे काम मी केले असून त्याची वेळ तिकिटात नोंदलेली आहे. अंतिम अहवालातील घटनाक्रमाचा भाग माझ्या त्या नोंदीवर आधारलेला असल्याने अहवालाच्या सुधारित आवृत्तीत ‘प्रिपेअर्ड बाय’ या ओळीत माझे नाव घालावे, ही विनंती. मसुदा मी तयार करून देते.’ (इतर वाचकांसाठी : तिकीट म्हणजे यंत्रणेतली त्या घटनेची क्रमांकित नोंद.) शेवटचे वाक्य वगळू नका. ‘वेळ मिळाला की करू’ या उत्तराची वाट त्यानेच बंद होते. अहवालाची आवृत्ती 1.0 असेल तर 1.1 काढणे हा पाच मिनिटांचा मामला आहे. ते नाही म्हणाले तर वार्षिक मूल्यमापनात स्वतःविषयी लिहायची जी जागा असते, तिथे हीच वाक्ये तारीख व तिकीट क्रमांकासह लिहा, कारण तिथला मजकूर तुमचा असतो आणि तो एचआरच्या दप्तरी राहतो.

एक गोष्ट मात्र कदापि करू नका. पुरावा हाताशी असावा म्हणून लॉगचा स्क्रीनशॉट मोबाइलवर काढणे, अहवाल स्वतःच्या खासगी मेलवर पाठवणे किंवा पेनड्राइव्हवर घेणे, यांतले काहीही करू नका. तुमच्यासारखीच कोणी तरी दुसऱ्या पाळीत बसलेली असेल आणि तो अलर्ट तिच्याच पडद्यावर उमटेल. माझी कार्बन प्रत त्या काळी चालून गेली, आज चालणार नाही. कार्यालयातच, कार्यालयाच्याच यंत्रणेत, तारीख, तिकीट क्रमांक आणि एका ओळीत काय केले एवढी नोंदवही ठेवा. महिन्याला दहा मिनिटे पुरतात.

फॉर्मकडे येऊ. पत्रात तुम्ही त्या रात्रीवर जवळजवळ दीड पान लिहिले आहे. वर मी त्याचा सारांश दिला आहे. टेस्टिंगच्या डेटाबेसची गोष्ट मात्र कंसात एका ओळीत, तीही ‘काही मोठे काम नाही’ अशी पुस्ती जोडून. मी परीक्षक असते तर त्या ओळीवर थांबले असते. रात्रीच्या प्रसंगात नशिबाचा थोडा भाग असतो, कारण पाळी दुसऱ्या कोणाची असती तर कदाचित त्यालाही ते दिसले असते. पण टेस्टिंगसाठी खऱ्या लोकांची नावे, मोबाइल क्रमांक, जन्मतारखा वापरल्या जात आहेत, आणि ते सर्वांना दिसत असून कोणालाच खटकत नाही, अशा वेळी हे चालणार नाही असे म्हणून माहिती बदलून घेणे, हे कोणत्याही घंटेविना, कोणाच्याही आदेशाविना केलेले काम आहे. टेस्टिंगच्या सर्व्हरना मुख्य यंत्रणेइतका पहारा नसतो, तो डेटाबेस अनेकांच्या हातून जातो, आणि तिथून माहिती फुटली तर 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रायव्हसी आधीच, रचनेतच बसवायची असते, नंतर ठिगळ लावून नव्हे, हा विचार कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या माहिती व प्रायव्हसी आयुक्त राहिलेल्या अ‍ॅन कावुकियन यांनी ‘प्रायव्हसी बाय डिझाइन’ या नावाने मांडला आणि तो जगभर मानला जातो. त्यांच्या कल्पनेला धरून तुम्ही मिहानमध्ये बसून एक काम केलेत आणि ते कंसात टाकलेत. फॉर्ममध्ये ते पहिले लिहा; किती तक्त्यांतून किती रकाने बदलले, कोणती पद्धत वापरली, पुन्हा खरी माहिती शिरू नये म्हणून काय नियम घालून दिला, हे आकड्यांनी लिहा. रात्रीचा प्रसंग दुसरा.

आणि लिहाल ते कसे लिहाल, याबद्दल थोडे कठोर बोलते. मूळ पत्रात तुम्ही ग्राहक संस्थेचे नाव दिले नव्हते, पण ती कोणत्या व्यवसायातली, तिच्या शाखा कोणत्या भागात आणि हल्ला कोणत्या सणाच्या आठवड्यात, या तीन गोष्टी दिल्या होत्या. मी नागपूरची आहे. ती संस्था कोणती हे मला दोन मिनिटांत कळले. त्या तिन्ही गोष्टी मी इथून काढल्या आहेत. लटान्या स्वीनी यांचे उदाहरण तुम्ही अभ्यासात कधीतरी वाचले असेल. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांची माहिती नावे गाळून संशोधकांसाठी खुली केली होती, आणि ती पूर्णपणे सुरक्षित असल्याची ग्वाही खुद्द राज्यपाल विल्यम वेल्ड यांनी दिली होती. स्वीनी त्या वेळी विद्यार्थिनी होत्या. त्यांनी 20 डॉलर देऊन केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि ती त्या माहितीशी ताडून पाहिली. राज्यपालांच्या जन्मतारखेचे सहा जण निघाले, त्यांत पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडात त्यांपैकी एकच. राज्यपालांचा आजाराचा इतिहास 1997 मध्ये असा हाती आला. तेव्हा व्यवसाय, प्रदेश आणि काळ यांपैकी फॉर्मवर एकच गोष्ट ठेवा, बाकी दोन पुसट करा. ‘एका मध्यम आकाराच्या संस्थेत’, ‘गेल्या आर्थिक वर्षात’ एवढे पुरते. जी त्रुटी अजून बुजवलेली नाही तिचा उल्लेख अजिबात नको. मसुदा मॅनेजर आणि विधी विभाग यांच्या नजरेखालून लेखी मंजुरीने जाऊ द्या. त्या मंजुरीच्या मेलमध्ये ‘हे काम हिने केले’ हे त्यांच्याच हातून आपोआप नोंदले जाईल, हा फायदा वेगळा.

कोट्याच्या टोमण्याबद्दल मी फार लिहिणार नाही. तुमच्या सहकाऱ्यांच्या पडद्यावर जे अलर्ट येतात, त्यांच्या मुळाशी प्रत्येक वापरकर्त्याचे नेहमीचे वागणे नोंदवून ठेवावे आणि त्यापासून ढळलेले वागणे संशयास्पद मानावे ही कल्पना आहे, आणि तिचा नमुना डोरोथी डेनिंग यांनी 1987 च्या निबंधात मांडला होता. तुम्हाला त्या रात्री जे ‘भलत्या वेळी’ वाटले ते हेच. म्हणजे त्यांचा पगारही एका अर्थी महिला कोट्यातूनच चालतो, असे त्यांना चहाच्या वेळी हसत सांगायला हरकत नाही.

पण टोमण्यामागे एक खरा प्रश्न आहे आणि तो तुमच्याही मनात असावा : महिलांसाठी वेगळा पुरस्कार हवाच कशाला? मलाही तो फारसा आवडत नाही. मात्र संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार 1966 पासून दिला जातो आणि तो पहिल्यांदा एका स्त्रीला, फ्रान्सेस अ‍ॅलन यांना, मिळायला 2006 उजाडले. संकेतशास्त्रातल्या कामासाठी शाफी गोल्डवासर यांना सहकाऱ्यासह तो 2012 चा मिळाला. दारे सर्वांना उघडी असतानाही चाळीस वर्षे आत कोणी पोचत नाही असे दिसले की शेजारी आणखी एक दार काढावे लागते. तुम्ही या दारातून आत जा, पण तिथेच बसू नका. याच आयोजकांकडे ‘इन्सिडेंट रिस्पॉन्स’, म्हणजे हल्ल्याच्या वेळची कारवाई, किंवा प्रायव्हसी अशी सर्वांसाठीची वर्गवारी असेल तर तिथेही अर्ज करा, आणि एचआरला विचारा की त्या वर्गवारीत कंपनी कोणाचे नाव पाठवते आहे. 8 मार्चला गुलाब आणि ब्युटी पार्लरचे कूपन देणाऱ्या विभागाने हा प्रश्न एकदा ऐकणे बरे.

जाता जाता : विजेत्यांकडून ‘सहभाग शुल्क’, करंडकाचे पैसे किंवा जेवणाच्या टेबलाचे भाडे मागणारे पुरस्कार हा निव्वळ धंदा आहे. आयोजकांचा मेल ज्या डोमेनवरून आला ते तपासा, परीक्षकांची नावे जाहीर आहेत का आणि ती माणसे आपापल्या जागी तसे सांगतात का ते पाहा. फिशिंग ओळखणे तुमचे रोजचे काम. अभिनंदनाच्या मेलला त्यातून सूट देऊ नका.

आता राहिला तो फॉर्ममधला ‘पदनाम’ हा रकाना. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या ब्लेचली पार्क या संकेत उकलण्याच्या केंद्रात, वरचा पुरस्कार ज्यांच्या नावाचा त्या ट्युरिंग यांच्याच विभागात काम करणाऱ्या जोन क्लार्क यांना बढती द्यायची वेळ आली तेव्हा संकेत उकलणाऱ्या स्त्रीसाठी वेतनश्रेणीच नव्हती, म्हणून त्यांना भाषातज्ज्ञाच्या श्रेणीत घातले गेले. मग फॉर्म भरताना ‘श्रेणी : भाषातज्ज्ञ, भाषा : एकही नाही’ असे लिहायला त्यांना मोठी मजा वाटे. 1944 मध्ये त्याच विभागाच्या त्या उपप्रमुख झाल्या. तुमच्या बाबतीत एवढी कसरत करावी लागणार नाही. पत्राच्या दुसऱ्या पानावर, बोलण्याच्या ओघात, तुम्ही दोन वर्षांपूर्वी ‘सीनियर सिक्युरिटी अ‍ॅनालिस्ट’ झाल्याचे लिहिले आहे. फॉर्मवर तेच लिहा, पूर्ण लिहा, आणि मॅनेजरांना जाणाऱ्या मेलखालीही.